पाठ तेथे पत्ता



आमच्या मॉरिशस बेटावर कोणाच्या घराचा पत्ता विचारला तर सहसा कोणी घराचा क्रमांक सांगत नाही. "चिनी दुकानाच्या मागे", "बैठकेच्या समोर", "आंब्याच्या झाडापासून उजवीकडे" अशा खुणा सांगितल्या जातात आणि पाहुणा बिनचूक दारात येऊन उभा राहतो. गेल्या डिसेंबरच्या शालेय सुट्टीत आम्ही धाकट्या बहिणीकडे ऑस्ट्रेलियात गेलो होतो. मेलबर्न शहराच्या पश्चिमेस सुमारे २२ किलोमीटरवर ट्रुगानिना नावाचे उपनगर आहे. टास्मानिया बेटावरील ट्रुगानिनी या आदिवासी स्त्रीच्या नावावरून हे नाव पडले. पूर्वी येथे मोकळी कुरणे आणि दगडी कुंपणे होती, आता नव्या वसाहतींमागून वसाहती उठत आहेत. घरे एका साच्यातून काढल्यासारखी. झाडे कमरेएवढी. खुणेला दुकान नाही की बैठका नाही.

बहिणीची गल्ली इतकी नवी की माल पोचवणाऱ्या गाडीवाल्याच्या नकाशात ती अजून आलीच नव्हती. त्याचे तीन वेळा फोन आले. शेवटी भाचा भर उन्हात कोपऱ्यावर जाऊन हात हलवत उभा राहिला, तेव्हा कोठे गाडी दाराशी आली. घर होते, घरात माणसे होती, पण पत्ता नकाशात नव्हता म्हणून हवी ती वस्तू आत येऊ शकत नव्हती. ही साधी गोष्ट आम्ही त्या दिवशी हसण्यावारी नेली. दोनच दिवसांनी त्याच घरात आमच्यावर तीच गोष्ट उलटली. त्याचीच हकिगत सांगून आमचे मत मांडावयाचे आहे.

आमच्या मातोश्री तीन वर्षांपासून बहिणीकडे असतात. गावी असताना त्या संध्याकाळी बैठकेत मुलांना मराठी शिकवीत. बाराखडी, अंक, बडबडगीते, सणांची माहिती आणि लहान लहान गोष्टी असे त्यांनी स्वतः रचलेले चाळीस पाठ होते, आणि ते त्यांनी वह्यांत सुवाच्य अक्षरात लिहून ठेवले होते. मधुमेहाने आता त्यांची दृष्टी फार अधू झाली आहे. त्यांना अक्षर दिसत नाही. फोनमधील वाचून दाखवणारी सोय, जिला स्क्रीन रीडर म्हणतात, ती लावून त्या ऐकतात. आमचा भाचा आणि शेजारपाजारचे काही पालक मिळून ट्रुगानिनात रविवारी मुलांचा मराठी वर्ग घेतात. वर्गासाठी आजीचे पाठ संकेतस्थळावर घालावेत, असे त्याच्या मनात होते.

त्याने हा विचार बोलून दाखवताच आम्ही अभिमानाने सांगितले की, हे काम वीस वर्षांपूर्वीच झाले आहे! अध्यापक-प्रशिक्षणाच्या वेळी आम्हाला संगणकाचा एक विषय होता. त्यात एच.टी.एम.एल. शिकवले जाई आणि वर्षाअखेरीस प्रत्येकाने एक संकेतस्थळ तयार करून दाखवावे लागे. आम्ही मातोश्रींच्या वह्याच त्यासाठी निवडल्या. पुढे विनामूल्य जागा देणारी ती कंपनी बंद पडली आणि आमचे संकेतस्थळही तिच्याबरोबर गेले. परंतु त्याची सीडी आम्ही जपून ठेवली होती आणि या खेपेस मुद्दाम बरोबर नेली होती.

त्या संकेतस्थळाची रचना आम्ही फ्रेम वापरून केली होती. आजच्या तरुणांनी फ्रेम पाहिल्या नसतील, म्हणून थोडे स्पष्टीकरण करतो. फ्रेम म्हणजे चौकट. ब्राउझरच्या एकाच खिडकीचे दोन किंवा अधिक भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात वेगळे पान उघडायचे. आम्ही डावीकडे खिडकीचा पाचवा हिस्सा ठेवून त्यात चाळीस पाठांची अनुक्रमणिका लावली होती, आणि उजवीकडच्या मोठ्या भागात पाठ. यासाठी आधी एक फ्रेमसेट नावाची फाइल करावी लागे. तिच्यात स्वतःचा मजकूर काहीच नसतो, कोणता भाग किती रुंद आणि त्यात कोणते पान, एवढेच तिच्यात लिहिलेले असते. उजव्या भागाला एक नाव द्यायचे आणि अनुक्रमणिकेतील प्रत्येक दुव्याला "तू त्या नावाच्या भागात उघड" असे टार्गेट सांगायचे. ते सांगायला विसरले की पाठ डावीकडच्या चिंचोळ्या पट्टीतच उघडे आणि प्रत्येक ओळीत दोन शब्द दिसत! प्रशिक्षणाच्या वर्गात ही चूक प्रत्येकाने एकदा तरी केली होती.

ही पद्धत आम्हाला का आवडली होती, तेही सांगितले पाहिजे, कारण जुन्या गोष्टीला नुसते हसणे सोपे असते. पहिले कारण असे की, त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून पान उतरायला फार वेळ लागे. फ्रेममुळे अनुक्रमणिका एकदाच उतरवून घ्यावी लागे, नंतर फक्त पाठ बदलत असे. दुसरे कारण, पाठ वाढला तर अनुक्रमणिकेची एकच फाइल बदलून काम भागे, चाळीस पानांना हात लावावा लागत नसे. तिसरे कारण शिक्षकाचे आहे आणि ते आम्हाला आजही महत्त्वाचे वाटते. मूल सातव्या पाठात असले तरी त्याला सहावा आणि आठवा समोर दिसत असतात. आपण कोठून आलो आणि कोठे जायचे, हे त्याच्या डोळ्यांपुढे राहते. पुस्तक हातात धरल्यावर जी जाणीव बोटांना होते, ती जाणीव फ्रेम पडद्यावर देऊ पाहत होती.

म्हणून आम्ही भाच्याला सांगितले की, नवे काही करू नकोस, आमचेच संकेतस्थळ जसेच्या तसे चढव. तो म्हणाला, "मामा, फ्रेम आता कोणी वापरत नाही." जे कोणी वापरत नाही ते वाईटच असते, असे मानायला आम्ही तयार नव्हतो. धोतरही आता कोणी रोज नेसत नाही. दोघांचाही आवाज थोडा चढला. अखेर बहिणीने तोड काढली की, वाद पुरे, चालवून पाहा.

भाच्याने सीडीवरील पाठ प्रथम युनिकोडमध्ये आणले. आमच्या वेळी एखादा खास मराठी टंक बसवून टंकलेखन करीत असू, आणि तो टंक नसलेल्या संगणकावर सगळा मजकूर अगम्य चिन्हांचा दिसे. तो एक वेगळाच लेख होईल. मग त्याने आमची फ्रेमची रचना होती तशीच ठेवून संकेतस्थळ तात्पुरते चढवले. आजचे ब्राउझरदेखील जुन्या फ्रेम दाखवतात, त्यामुळे पडद्यावर आमचे जुने हिरवे अक्षर पाहून आम्हाला फार आनंद झाला. तो आनंद तासभर टिकला.

पहिली परीक्षा अशी झाली. सातवा पाठ कोल्ह्याच्या गोष्टीचा आहे. बहिणीने तो उघडला आणि मॉरिशसमधील आमच्या चुलतभावाच्या मुलीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे ठरवले. तिने वर दिसणारा पत्ता उचलून पाठवला. तिकडून उत्तर आले, "आत्या, गोष्ट कोठे आहे? येथे तर स्वागताचे पान आहे." कारण उघड होते. फ्रेमच्या संकेतस्थळात आपण पहिला पाठ वाचा की चाळिसावा, वरचा पत्ता फ्रेमसेटचाच राहतो. सातवा पाठ आमच्या डोळ्यांपुढे होता, पण तो आहे असे दुसऱ्याला सांगता येत नव्हते. फार तर असे लिहावे लागले असते की, पहिल्या पानावर जा, डावीकडे पाहा, वरून सातवी ओळ दाबा. म्हणजे पुन्हा चिनी दुकान आणि आंब्याचे झाड!

दुसरी परीक्षा याच्या उलट. भाच्याने पाठाच्या फाइलचा स्वतःचा पत्ता शोधून काढला आणि तो पाठवला. आता गोष्ट उघडली, पण एकटी. डावीकडची अनुक्रमणिका नाही, वर संकेतस्थळाचे नाव नाही, मागच्या-पुढच्या पाठाचा दुवा नाही. शोधयंत्रे वाचकाला नेमकी अशीच आणून सोडीत. ती मजकूर असलेली पाने शोधतात, आणि फ्रेमसेटमध्ये मजकूर नसतो. म्हणून त्या काळी वाचक अनेकदा आतल्या एकाकी पानावर येऊन पडे आणि हे कोणाचे, येथून पुढे कोठे जायचे, हे त्याला कळत नसे. जत्रेत हात सुटलेल्या मुलासारखी त्या पानाची अवस्था होई.

तिसरी परीक्षा मातोश्रींनी घेतली. आम्ही फोन त्यांच्या हातात दिला. स्क्रीन रीडर बोलू लागला. पडद्यावर बोट सरकवत त्या एकेक दुवा ऐकत गेल्या. सातव्या पाठाचे नाव ऐकताच त्यांनी दोनदा बोट टेकवले. उजवीकडे गोष्ट उघडलेली आम्हाला दिसत होती. फोन मात्र गप्प होता. पुढे बोट सरकवले तर आठव्या पाठाचे नाव, मग नवव्याचे. उघडलेल्या गोष्टीपर्यंत पोचायला त्यांना उरलेली सगळी अनुक्रमणिका ओलांडून जावे लागणार होते, आणि तसे करायचे आहे हे त्यांना सांगणारे तेथे काहीच नव्हते. डोळस माणूस एका नजरेत डावीकडून उजवीकडे जातो. जो कानाने वाचतो त्याला डावे-उजवे नसते, त्याला फक्त आधी आणि नंतर असते. मातोश्री म्हणाल्या, "उघडला म्हणतोस ना, मग तो बोलत का नाही?"

ज्यांनी ते पाठ रचले त्यांनाच ते ऐकू येत नव्हते. दार आम्ही बांधले होते आणि घराच्या मालकीणबाईच बाहेर उभ्या होत्या. त्या एका वाक्याने आमचा वाद संपला.

यानंतर आम्ही फ्रेमचा इतिहास नीट वाचून काढला आणि आपण काही जगावेगळी चूक केलेली नाही, एवढे समाधान मिळाले. १९९६ साली नेटस्केप नॅव्हिगेटर या ब्राउझरची दुसरी आवृत्ती आली, तिच्याबरोबर फ्रेम लोकांच्या हाती आल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जेकब नील्सन या अभ्यासकांनी त्यांच्याविरुद्ध लेख लिहिला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा होता की, वेबवर पान ही एकच वस्तू तीन कामे करते. वाचक पाहतो ते पान, पत्ता असतो तो पानाचा, आणि दुवा नेतो तोही पानाकडे. फ्रेमने ही एकजूट मोडली. वाचक पाहतो एक आणि पत्ता दाखवतो दुसरेच. तरीही डिसेंबर १९९७ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने एच.टी.एम.एल. ४.० मध्ये फ्रेमना अधिकृत स्थान दिले, कारण लाखो पानांत त्या शिरल्या होत्या.

फ्रेममुळे आणखी एक भानगड होत असे. दुसऱ्याच्या संकेतस्थळाचे पान आपल्या चौकटीत उघडता येई आणि वर पत्ता आपलाच राही. टोटलन्यूज नावाचे एक संकेतस्थळ मोठ्या वृत्तपत्रांच्या बातम्या अशाच आपल्या चौकटीत, आपल्या जाहिरातींसह दाखवीत असे. फेब्रुवारी १९९७ मध्ये वॉशिंग्टन पोस्ट आणि इतर वृत्तसंस्थांनी त्यांच्यावर दावा लावला. जूनमध्ये समेट झाला आणि टोटलन्यूजने चौकट सोडून साधे दुवे देण्याचे मान्य केले. घर एकाचे आणि पाटी दुसऱ्याची, ही गोष्ट कोणाला रुचेल?

शेवटी २८ ऑक्टोबर २०१४ रोजी एच.टी.एम.एल.ची पाचवी आवृत्ती प्रमाणित झाली, तेव्हा फ्रेम आणि फ्रेमसेट कालबाह्य ठरवण्यात आले. आयफ्रेम नावाची छोटी चौकट मात्र राहिली. पानाच्या मध्येच एखादा नकाशा किंवा चित्रफीत बसवायला ती उपयोगी पडते, तिला आमचा विरोध नाही. संपूर्ण घरच चौकटीत घालणे ही गोष्ट वेगळी.

आता ऑस्ट्रेलियाचीच एक घटना सांगितली पाहिजे. सिडनी येथे २००० साली ऑलिंपिक सामने भरले. ब्रूस मॅग्वायर या दृष्टिहीन गृहस्थांनी जून १९९९ मध्येच मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली होती की, सामन्यांचे संकेतस्थळ आपल्याला वाचता येत नाही. त्यांच्या तक्रारी साध्या होत्या. चित्रांना मजकुराची जोड नाही, वेळापत्रकाच्या पानावरून खेळांच्या सूचीकडे जाता येत नाही, आणि निकालांचे तक्ते समजत नाहीत. २४ ऑगस्ट २००० रोजी आयोगाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. १९९२ च्या अपंगत्व-भेदभाव कायद्याचा भंग झाला आहे, तरी १५ सप्टेंबरपर्यंत संकेतस्थळ सुधारावे, असे संयोजन समितीला सांगण्यात आले. ते पुरेसे झाले नाही, म्हणून नोव्हेंबरात २०,००० डॉलर भरपाई ठरवण्यात आली. हा खटला फ्रेमचा नव्हता. पण त्यातील दुसरी तक्रार पुन्हा वाचा. एका पानावरून दुसऱ्या पानाकडे जाता येत नाही, एवढीच ती तक्रार आहे. आमच्या मातोश्रींचीही तेवढीच तक्रार होती. मार्ग दाखवणे ही सजावट नव्हे, तो वाचकाचा हक्क आहे, हे सिडनीच्या त्या निर्णयातून शिकण्यासारखे आहे.

कोणी म्हणेल, फ्रेम गेल्या, तेव्हा आता हा विषय कशाला? बंधू-भगिनींनो, फ्रेम गेल्या पण त्यांचा दोष गेलेला नाही. आज आपल्या मंडळांचे बहुतेक लिखाण कोठे असते? व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात. गणेश चतुर्थीची आरती, मुलांची भाषणे, एखाद्या ज्येष्ठाने सांगितलेली गावाची आठवण, सारे गटात येते आणि चार दिवसांत शुभेच्छांच्या ढिगाखाली जाते. फोन बदलला की तेही संपते. त्या लिखाणाला पत्ता नाही. काही नवी झगमगीत संकेतस्थळेही अशी असतात की, आत कितीही फिरा, वरचा पत्ता हलत नाही. कोठे चाळीस पाठांची एकच भली मोठी पीडीएफ फाइल चढवलेली असते आणि सातवा पाठ हवा असेल त्याने पाने उलटत बसावे. साधन बदलले, पण ज्याची त्याला स्वतंत्र ओळख नाही, ही उणीव तीच राहिली.

मोठ्या भाषांना हे परवडते. इंग्रजीत एक पान हरवले तर त्याच विषयावर दुसरी शंभर सापडतील. आमच्या बेटावरच्या मराठीत एखाद्या सणाच्या रीतीवर, एखाद्या झाकरीवर कदाचित एकच पान लिहिलेले असते. ते हरवले की ती गोष्टच हरवली. ज्यांच्याजवळ थोडे आहे त्यांनी प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवली पाहिजे, हे आमच्या घरातल्या बायकांना ठाऊक आहे. आम्ही लिहिणाऱ्यांनीही ते शिकले पाहिजे.

याबाबतीत आमचा स्वतःचा इतिहास साक्षीला आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटिया मजुरांच्या नोंदवह्या जतन केलेल्या आहेत. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून जहाजाने आलेल्या आमच्या पूर्वजांपैकी प्रत्येकाला एक क्रमांक दिला गेला होता, आणि त्या क्रमांकापुढे नाव, गाव, जहाज यांची नोंद केली गेली. तो क्रमांक माणुसकीने दिलेला नव्हता, मळ्यावरच्या हिशेबासाठी दिलेला होता, त्याचे कौतुक करण्याचे कारण नाही. तरी पण दीडशे वर्षांनंतर पणतू तेथे जाऊन तो क्रमांक सांगतो आणि पणज्याची नोंद त्याच्यापुढे येते. आमचे कुटुंब रत्नागिरीकडून आले हे आम्हाला तसेच कळले. साऱ्या जहाजाची मिळून एकच मोघम नोंद असती, तर आम्हाला आमचा माणूस कधीच सापडला नसता. परक्यांनी हिशेबासाठी जे केले, ते आम्ही आमच्या भाषेसाठी प्रेमाने करू नये काय?

आमच्या शिक्षक बांधवांना आणि मंडळांच्या चालकांना म्हणूनच काही सूचना नम्रपणे कराव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट, प्रत्येक पाठाचे, प्रत्येक आरतीचे, प्रत्येक लेखाचे स्वतंत्र पान असावे आणि त्या पानाला स्वतःचा पत्ता असावा. एकदा दिलेला पत्ता बदलू नये. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच हे कळकळीने सांगितले होते. पत्ता बदलला की जगभर पसरलेले सगळे दुवे एका दिवसात मुके होतात.

दुसरी गोष्ट, अनुक्रमणिका अवश्य असावी. आमचा तो आग्रह आम्ही सोडलेला नाही. पण ती वेगळ्या चौकटीत नको, प्रत्येक पानाचाच भाग असावी. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, त्याच्या पानांवर कितीतरी वर्षे डावीकडे अशीच मार्गदर्शक यादी दिसत आली. दिसायला आमच्या फ्रेमसारखीच, पण प्रत्येक लेखाचा पत्ता मात्र निराळा. आता कोणी विचारील, पाठ वाढला की चाळीस पाने बदलत बसायची काय? तशी गरज नाही. अनुक्रमणिका एका ठिकाणी लिहिली की ती सर्व पानांत घालण्याचे काम यंत्र करते, अशी साधने आज फुकट मिळतात. भाच्याने ते काम एका संध्याकाळी केले. अनुक्रमणिका वाचताना पडद्यावर स्थिर ठेवायची असेल तर तेही आता चौकटीवाचून, केवळ सजावटीच्या नियमांनी साधते. म्हणजे फ्रेमचे तिन्ही फायदे मिळतात आणि तोटा एकही पदरात पडत नाही.

तिसरी गोष्ट, प्रत्येक पानाने एकटे उभे राहावे. वर पाठाचे नाव आणि संकेतस्थळाचे नाव, खाली मागच्या आणि पुढच्या पाठाचा दुवा. कोणता वाचक कोणत्या दाराने येईल ते आपल्याला ठाऊक नसते.

चौथी गोष्ट, पानाच्या आरंभी "थेट पाठाकडे" असा एक दुवा ठेवावा, म्हणजे कानाने वाचणाऱ्याला दर वेळी चाळीस नावे ऐकावी लागणार नाहीत. चित्र असेल तर ते कशाचे आहे हे शब्दांत लिहावे. यास खर्च काहीच नाही, फक्त आठवण हवी.

पाचवी गोष्ट, संकेतस्थळाचे नाव एका उत्साही तरुणाच्या खाजगी खात्यावर घेऊ नये. तो नोकरीनिमित्त दुसऱ्या देशी जातो, वर्गणी भरायची राहते आणि पाटी उतरते. ते मंडळाच्या नावावर असावे, आणि साऱ्या मजकुराची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली असावी. आमची सीडी नसती तर या लेखाला विषयच उरला नसता.

आणि शेवटची गोष्ट, संकेतस्थळ तयार झाले की प्रथम ते घरातील वृद्ध माणसाच्या हातात द्यावे आणि आपण गप्प बसावे. अमुक दाबा, तमुक पाहा असे सांगू नये. ते जेथे अडतील तेथे आपले काम राहिले आहे असे समजावे. आम्ही वर्गात वीस वर्षे परीक्षा घेत आलो आहोत, पण याहून खरी परीक्षा आमच्या पाहण्यात नाही.

आम्ही ट्रुगानिनाहून निघण्याच्या आदल्या रविवारी भाच्याने नवी पाने चढवली. आमचा हिरवा रंग त्याने ठेवला, फ्रेम काढल्या. सातव्या पाठाचा पत्ता त्याने आजीच्या फोनवर पाठवला. मातोश्रींनी बोट टेकवले आणि कोल्ह्याची गोष्ट पहिल्या शब्दापासून सुरू झाली. शेवटपर्यंत ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तिसऱ्या ओळीत एक शब्द चुकला आहे, तो सुधार." ती चूक आम्ही २० वर्षांपूर्वी टंकलेखनात केलेली होती आणि कोणाच्याही लक्षात आली नव्हती. भाच्याने ती तेथल्या तेथे दुरुस्त केली. त्याच रात्री तो पाठ मॉरिशसला गेला, आणि चुलतभावाच्या मुलीने तो तिच्या शाळेतल्या दोन मैत्रिणींना पाठवला.

आपल्या घरी अशा वह्या असतील. त्या ज्यांनी लिहिल्या ते आज आपल्यात आहेत, चुका दाखवायला अजून आहेत. तेव्हा एक वही उघडा, एक पाठ घ्या, आणि त्याला त्याचा स्वतःचा पत्ता द्या.